विश्वासाचे भांडवल : चपळ पद्धती आणि कार्यसंस्कृती

बँकेचा दैनंदिन व्यवहार आज जवळजवळ संपूर्णपणे संगणक प्रणालीवर अवलंबून आहे. पासबुकात नोंद करून घेणे असो, एटीएममधून रक्कम काढणे असो, की परगावी शिकणाऱ्या मुलाला भ्रमणध्वनीवरून पैसे पाठवणे असो, या प्रत्येक कृतीमागे कोणीतरी लिहिलेली, कोणीतरी तपासलेली आणि कोणीतरी 'ठीक आहे' म्हणून पुढे पाठवलेली आज्ञावली असते. ती कोणत्या संगणकीय भाषेत लिहिली, हा तंत्रज्ञांचा प्रश्न. परंतु ती लिहिणाऱ्यांना आपल्या वरिष्ठांना 'हे अद्याप ठीक नाही' असे सांगण्याची मुभा होती का, हा प्रश्न प्रत्येक ठेवीदाराच्या जिव्हाळ्याचा आहे. त्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्याची किंमत अखेरीस ग्राहकालाच मोजावी लागते.

सॉफ्टवेअर निर्मितीच्या क्षेत्रात गेली दोन दशके 'ॲजाइल' हा परवलीचा शब्द झाला आहे. मराठीत तिला चपळ पद्धती म्हणता येईल. संस्था प्रशिक्षक नेमतात, कर्मचाऱ्यांना प्रमाणपत्रे मिळवून देतात, भिंतींवर रंगीत चिठ्ठ्या लागतात, सकाळी उभ्याउभ्याच बैठका होऊ लागतात. काही ठिकाणी त्यामुळे कामाचा कायापालट होतो. अनेक ठिकाणी मात्र नव्याचे नऊ दिवस सरले, की 'ये रे माझ्या मागल्या' सुरू होते. पद्धत तीच, पुस्तके तीच, प्रमाणपत्रेही तीच. मग फळ निराळे का? या प्रश्नाचे उत्तर संस्थेच्या कार्यसंस्कृतीत आहे, आणि त्यातही एका विशिष्ट गोष्टीत: वाईट बातमी खालून वर किती लवकर आणि किती निर्भयपणे पोहोचते.

चपळ पद्धतीचा जन्म

सॉफ्टवेअर तयार करण्याची जुनी रीत इमारत बांधण्यासारखी होती. आधी सर्व गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग प्रत्यक्ष आज्ञावली, मग चाचणी, आणि सर्वांत शेवटी तयार प्रणाली ग्राहकाच्या हाती सोपवायची. वरच्या पायरीचे पाणी खालच्या पायरीवर पडावे आणि पुन्हा वर चढू नये, तशी ही रचना; म्हणून तिला 'वॉटरफॉल', अर्थात धबधबा पद्धती, असे नाव पडले. विन्स्टन रॉइस या अमेरिकी अभियंत्याच्या १९७० सालच्या ज्या निबंधाचा आधार या पद्धतीला दिला जातो, त्याच निबंधात रॉइस यांनी अशी सरळ एकमार्गी रचना धोक्याची असल्याचा इशारा दिला होता, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेतली नाही. चाचणी अखेरीस होते, त्यामुळे मूळ आराखड्यातील चूक उघडकीस येईपर्यंत बहुतेक वेळ आणि पैसा खर्ची पडलेला असतो, हे त्यांनी ओळखले होते. व्यवस्थापकांनी त्यांची आकृती उचलली. इशारा मात्र मागे राहिला.

पुढे १९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लेख लिहून होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स यांसारख्या कंपन्या नवी उत्पादने कशी घडवतात, याचे विवेचन केले. रग्बीच्या खेळात सारा संघ चेंडू एकमेकांकडे देत एकत्र पुढे सरकतो, त्याची उपमा त्यांनी दिली. 'स्क्रम' हा शब्द त्याच खेळातला. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी १९९५ साली सॉफ्टवेअर निर्मितीची आपली पद्धत याच नावाने जगापुढे मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड या बर्फाच्छादित पर्वतस्थळी अशा निरनिराळ्या पद्धतींचे १७ पुरस्कर्ते एकत्र आले आणि त्यांनी चपळ सॉफ्टवेअर निर्मितीचा जाहीरनामा सिद्ध केला.

या जाहीरनाम्यात चार मूल्ये आणि बारा तत्त्वे आहेत. ठरीव प्रक्रियांपेक्षा माणसे आणि त्यांचा संवाद, जाडजूड दस्तऐवजांपेक्षा प्रत्यक्ष चालणारे सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य, आणि आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद यांना अधिक महत्त्व द्यावे, हे त्याचे सार. संपूर्ण जाहीरनाम्यात उभ्याने घ्यावयाच्या बैठकीचा उल्लेख नाही, रंगीत चिठ्ठ्यांचाही नाही. तळमळीने काम करणारी माणसे निवडा, त्यांना योग्य वातावरण द्या आणि त्यांच्यावर विश्वास ठेवा, हे मात्र त्यात स्पष्ट शब्दांत आहे. त्या बैठकीचा वृत्तान्त लिहिणारे जिम हायस्मिथ यांनीही या साऱ्याच्या मुळाशी परस्पर विश्वास व आदर यांवर आधारलेली मूल्ये आहेत, असेच नमूद केले. म्हणजे चपळ पद्धतीच्या जनकांनी प्रथमपासून संस्कृतीचीच गोष्ट केली होती. तिचे विधी तेवढे उचलून मूल्ये वगळणारी संस्था मूर्ती न बसवता मखराचीच पूजा करते.

दिवसअखेरची रोकड

ही पद्धत समजून घेण्यासाठी बँकेच्या माणसाला दूर जावे लागत नाही. प्रत्येक शाखेत दिवसअखेर रोकड जुळवली जाते. व्यवहार किती झाले, पुस्तकात शिल्लक किती आणि तिजोरीत प्रत्यक्ष रक्कम किती, याचा मेळ बसल्याशिवाय दिवस संपत नाही. फरक पडलाच, तर तो त्याच संध्याकाळी शोधायचा असतो. कारण त्या दिवशीच्या पावत्या हाताशी असतात, चेहरे आठवत असतात आणि चूक एकाच दिवसाच्या कामात दडलेली असते. हाच मेळ वर्षाअखेरीस एकदा घ्यायचा ठरवला, तर लाखो नोंदींत शंभर रुपयांची तूट कोठे गेली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

चपळ पद्धती म्हणजे सॉफ्टवेअरची दिवसअखेरची रोकडच. एक-दोन आठवड्यांच्या लहान टप्प्यांत, ज्यांना 'स्प्रिंट' म्हणतात, काम विभागायचे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी चालू स्थितीतील भाग वापरणाऱ्यासमोर ठेवायचा. काय जुळले आणि काय जुळले नाही, ते तेथेच पाहायचे आणि पुढचा टप्पा त्यानुसार आखायचा.

परंतु या व्यवस्थेचे सारे सामर्थ्य एका गृहीतावर उभे आहे. फरक आढळला, तर तो सांगितला जाईल, हे ते गृहीत. तूट सांगणाऱ्यावर लगेच ओरडा होत असेल, त्याच्याकडे संशयाने पाहिले जात असेल, तर दुसऱ्या दिवसापासून तूट दिसेनाशी होते. ती नाहीशी झालेली नसते; पुढच्या तारखेकडे ढकललेली असते. मेळ घेण्याचा विधी रोज पार पडतो आणि तरीही पुस्तक खोटे होत जाते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत नेमके हेच घडते. दर पंधरवड्याला प्रात्यक्षिक होते, टाळ्या पडतात, आणि अर्धवट राहिलेले काम 'जवळजवळ पूर्ण' या गोंडस शब्दांआड पुढे सरकत राहते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा व्यवहार घरगुती अडचणीत शोभून जातो. संगणक प्रणालीत ती मूठ कधी ना कधी उघडावीच लागते.

एक कारखाना, दोन संस्कृती

संस्कृतीचा परिणाम तोलून पाहायचा, तर इतर सर्व गोष्टी समान ठेवून केवळ संस्कृती बदलावी लागेल. असा प्रयोग प्रत्यक्षात क्वचितच होतो. मोटार उद्योगात तो एकदा झाला, आणि चपळ पद्धतीची पाळेमुळे जपानी उत्पादन विचारात असल्यामुळे तो येथे समर्पक ठरतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फ्रिमाँट येथे जनरल मोटर्स कंपनीचा कारखाना होता. तेथील कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात विस्तव जात नव्हता. गैरहजेरी २० टक्क्यांच्या वर गेली होती आणि गाड्यांचा दर्जा खालावला होता. कंपनीने १९८२ साली तो बंद केला. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांच्या संयुक्त उपक्रमातून, 'नुम्मी' या नावाने, तो पुन्हा सुरू झाला. व्यवस्थापनाची सूत्रे टोयोटाकडे होती. कामगार मात्र बहुतांशी जुनेच घेतले गेले, आणि त्यांची संघटनाही जुनीच राहिली. अल्पावधीत गैरहजेरी २ टक्क्यांच्या आसपास आली आणि गाड्यांचा दर्जा अमेरिकेतील उत्तम कारखान्यांच्या तोडीचा झाला.

फरक कशात होता? जुन्या कारखान्यात उत्पादनाची रांग कधीही थांबवायची नाही, हा अलिखित कायदा होता. चुकीचा भाग बसला तरी गाडी पुढे जाऊ द्यायची आणि दुरुस्ती अखेरीस करायची. टोयोटाच्या व्यवस्थेत प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी असे. अडचण आली, की त्याने ती ओढायची. त्याचा प्रमुख तत्काळ धावून येई, दोघे मिळून मार्ग काढत, आणि ठरलेल्या वेळेत तो निघाला नाही तर रांग थांबे. दोरी ओढणाऱ्याला जाब विचारला जात नसे. मदत मिळत असे.

जनरल मोटर्सने पुढे हीच व्यवस्था लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाईज येथील आपल्या कारखान्यात नेण्याचा प्रयत्न केला. तेथील कामगारांना ती आपल्या हक्कांवरील घाला वाटली आणि व्यवस्थापकांना आपल्या अधिकारावरील. पद्धती नेता आली, विश्वास नेता आला नाही. तो कारखाना १९९२ साली बंद पडला. 'नुम्मी' त्यानंतरही २०१० पर्यंत चालू राहिली.

कागदावरची प्रगती

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातील एक ठळक उदाहरण अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेचे आहे. प्रकरणांच्या कागदी नोंदी संगणकावर आणण्यासाठी तिने हाती घेतलेली 'व्हर्च्युअल केस फाइल' ही प्रणाली सुमारे १७ कोटी डॉलर खर्चूनही वापरण्याजोगी झाली नाही आणि २००५ साली ती सोडून द्यावी लागली. २००६ साली 'सेंटिनेल' या नावाने नवा प्रकल्प एका मोठ्या कंत्राटदार कंपनीकडे सोपवण्यात आला. चार टप्पे, त्यांचे तपशीलवार आराखडे, नियमित अहवाल अशी सारी सिद्धता होती. ४५.१ कोटी डॉलरच्या एकूण तरतुदीपैकी सुमारे ४०.५ कोटी डॉलर २०१० सालच्या मध्यापर्यंत खर्च झाले होते. हाती मात्र चारपैकी दोनच टप्प्यांतील सुविधा आल्या होत्या.

त्यानंतर एफबीआयने काम स्वतःच्या देखरेखीखाली घेतले. कंत्राटी कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे २२० वरून ४० वर आणण्याचे ठरले आणि दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांनी काम सुरू झाले. तरीही नवे वेळापत्रक पाळले गेले नाही. प्रणाली सप्टेंबर २०११ मध्ये पूर्ण व्हायची होती. ती जुलै २०१२ मध्ये सर्व कर्मचाऱ्यांना उपलब्ध झाली. पण ती झाली, आणि वापरात आली.

या कथेतून 'चपळ पद्धती म्हणजे जादूची कांडी' असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. खरा बदल असा, की प्रगतीची व्याख्या बदलली. आधी प्रगती म्हणजे मंजूर झालेले दस्तऐवज होते. नंतर प्रगती म्हणजे वापरणाऱ्यासमोर चालून दाखवलेली सुविधा झाली. कागदावर प्रगती दाखवता येते, चालत्या यंत्रावर सोंग आणता येत नाही. आणि उशीर होत आहे ही गोष्ट दर पंधरवड्याला सर्वांसमोर येऊ देण्यास मन घट्ट करावे लागते. ते धैर्य कोणत्याही प्रशिक्षण वर्गात शिकवले जात नाही; वरिष्ठांच्या वागणुकीतून ते उमटते.

तारीख आधी, तयारी नंतर

बँकिंग क्षेत्राला अधिक जवळचे उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी या बँकेचे आहे. लॉइड्स बँकेपासून विभक्त झालेली ही बँक २०१५ साली स्पेनच्या सबादेल समूहाने विकत घेतली. तिचे ग्राहक लॉइड्सच्या जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर हलवायचे होते. एप्रिल २०१८ मधील एका शनिवार-रविवारी ५० लाखांहून अधिक ग्राहकांची खाती प्रामुख्याने एकाच झटक्यात हलवण्यात आली. त्यानंतर सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता येईना. सारे सुरळीत होण्यास त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटिश नियामकांनी बँकेला एकूण ४ कोटी ८६.५ लाख पौंडांचा दंड ठोठावला. ग्राहकांना द्यावी लागलेली भरपाई त्याहून वेगळी.

या घटनेच्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तांत्रिक दोषांइतकाच निर्णयप्रक्रियेवर भर आहे. अखेरची तारीख आधी ठरली आणि तिच्यापासून मागे मोजत कामाची आखणी झाली. सारे ग्राहक टप्प्याटप्प्याने न हलवता एकदम हलवण्याचा धोका पुरेसा तपासला गेला नाही. दोन डेटा केंद्रांपैकी एकाच केंद्रावर भारचाचणी झाली. आणि संचालक मंडळाने साधे, व्यवहारी बुद्धीचे काही प्रश्न विचारलेच नाहीत, असे त्या अहवालाने म्हटले.

शेवटची बाब सर्वांत बोलकी आहे. प्रश्न न विचारणे हा बुद्धीचा दोष क्वचितच असतो; बहुधा तो सवयीचा दोष असतो. ज्या संस्थेत वर जाणारी प्रत्येक बातमी गोड करून पाठवली जाते, तेथे वरच्यांना कडू प्रश्न सुचेनासे होतात, आणि खालच्यांना कडू उत्तर देण्याची सवय राहत नाही.

बातमी आणणाऱ्याचे काय होते?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉन वेस्ट्रम यांनी २००४ सालच्या एका निबंधात संस्थांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात सत्ता महत्त्वाची असते. तेथे वाईट बातमी आणणाऱ्याचा बळी जातो. दुसऱ्यात नियम महत्त्वाचे असतात. तेथे त्याच्याकडे दुर्लक्ष होते. तिसऱ्यात उद्दिष्ट महत्त्वाचे असते. तेथे बातमी कशी आणावी, हे शिकवले जाते. निकोल फोर्सग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या संशोधनात असे आढळले, की सॉफ्टवेअर संघांच्या कामगिरीचा अंदाज बांधण्यास वेस्ट्रम यांची ही कसोटी उपयुक्त ठरते.

हार्वर्डमधील प्राध्यापिका एमी एडमंडसन यांचा अनुभवही विचार करायला लावणारा आहे. १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास करताना त्यांना उलटेच चित्र दिसले: ज्या विभागांत सहकार्य आणि नेतृत्व चांगले, तेथे चुकांची नोंद अधिक. बारकाईने पाहता ध्यानात आले, की त्या विभागांत चुका अधिक होत नसाव्यात. त्या अधिक मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. यातूनच पुढे १९९९ साली संघातील मानसिक सुरक्षिततेची त्यांची कल्पना आकाराला आली. अहवालात चूक नाही म्हणून समाधान मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने हा दाखला कार्यालयात लावून ठेवावा, इतक्या मोलाचा आहे.

आपल्याकडील चित्र

जगातील कितीतरी बँकांचे आणि विमा कंपन्यांचे सॉफ्टवेअर पुणे, बंगळुरू, हैदराबाद, चेन्नई येथे लिहिले जाते. मराठी कुटुंबांत तर मुलगा, सून किंवा भाचा या क्षेत्रात नाही, असे घर शोधावे लागेल. तेव्हा हा प्रश्न परदेशातील नाही. तो घरातला आहे.

वडीलधाऱ्यांचा आणि अधिकाराचा मान राखणे हा आपल्याकडील संस्कार आहे, आणि तो टाकून द्यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु मान राखणे आणि 'होयबा' होणे यांत अंतर आहे. 'साहेब, ही तारीख साधणार नाही' हे वाक्य तोंडाशी येऊनही गिळले जाते, आणि त्याऐवजी 'प्रयत्न करतो' असे उत्तर दिले जाते. ऐकणारा त्याचा अर्थ होकार असा घेतो; बोलणाऱ्याच्या मनात तो सभ्य नकार असतो. साता समुद्रापलीकडील ग्राहकाशी दूरध्वनीवर बोलताना हे अंतर अधिकच वाढते. सकाळची उभ्याची बैठक खरे तर सहकाऱ्यांनी एकमेकांना अडचणी सांगण्यासाठी असते; पण तेथे वरिष्ठ हजेरीपट घेऊन उभे राहिले, की तिची हजेरी होते आणि अडचणी बैठकीनंतर चहाच्या टपरीवर बोलल्या जातात.

दुसरी अडचण मोजमापाची. संघाने एका टप्प्यात किती काम पुरे केले, हे तो स्वतःच्या अंदाजासाठी गुण देऊन मोजतो. हे गुण वरिष्ठांनी संघांच्या तुलनेसाठी आणि वार्षिक मूल्यमापनासाठी वापरले, की लवकरच त्याच कामाला अधिक गुण दिले जाऊ लागतात. नोटा वाढतात आणि माल तेवढाच राहतो, तेव्हा काय होते, हे बँकेच्या वाचकाला सांगायला नको.

तिसरी अडचण कराराची. सर्व गरजा आधी लिहून, सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारून आणि किंमत व मुदत पक्की करून काम द्यायचे, आणि नंतर 'आता चपळ व्हा' असे सांगायचे, यात मूळचाच विरोध आहे. प्रत्येक बदलासाठी वेगळे पत्र आणि वेगळे देयक लागत असेल, तर दोन्ही पक्ष बदल टाळू लागतात, आणि ग्राहकाला हवी ती वस्तू न मिळता करारात लिहिलेली वस्तू मिळते. संस्कृती ही केवळ मनात नसते. ती करारांत, बढतीच्या निकषांत आणि अहवालांच्या नमुन्यांतही असते.

शिस्तीचा आक्षेप

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. बँक ही लोकांच्या पैशाची विश्वस्त आहे. तेथे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासायची, अंतर्गत लेखापरीक्षण, नियामकाचे निर्देश ही शिस्त अपरिहार्य आहे. तेथे मोकळेपणाच्या नावाखाली सैलपणा शिरला तर काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि तो हसण्यावारी नेणारे चपळतेचे प्रचारक आपल्याच पक्षाची हानी करतात.

तथापि, चपळता म्हणजे घाई नव्हे, आणि निर्भयता म्हणजे बेशिस्त नव्हे. शंभर बदल एकदम तपासण्यापेक्षा एकेक बदल तपासणे लेखापरीक्षकालाही सोपे जाते. लहान टप्प्यात बिघाड झाला, तर तो मोजक्या ग्राहकांपुरता राहतो आणि पूर्वस्थितीवर येणे शक्य असते. टोयोटाच्या कारखान्यातही दोरी ओढण्याचे नियम काटेकोर होते; कामाच्या रीती लिहून ठेवलेल्या होत्या आणि त्या कसोशीने पाळल्या जात. तेथील शिस्त सत्य लवकर बाहेर यावे म्हणून होती. जी शिस्त कागद पूर्ण असल्याची खात्री देते, पण चूक सांगणाऱ्याला गप्प करते, ती बँकेचे रक्षण करत नाही.

आरंभ कोठून करावा?

संस्कृती बदलण्यासाठी भाषणे, घोषवाक्ये आणि भिंतीवरचे फलक यांचा उपयोग मर्यादित असतो. 'नुम्मी'च्या स्थापनेच्या वेळी टोयोटाकडून काम पाहिलेले जॉन शूक यांनी २०१० सालच्या एका लेखात आपला निष्कर्ष मांडला: माणसांचे विचार बदलून मग वागणूक बदलण्याची वाट पाहू नये, आधी वागणुकीला वाव द्यावा, विचार मागाहून बदलतात. कामगारांना 'आमचा तुमच्यावर विश्वास आहे' असे सांगण्यापेक्षा त्यांच्या हाती रांग थांबवणारी दोरी देणे, हे विश्वासाचे अधिक खरे प्रमाण होते.

नेदरलँड्समधील आयएनजी या बँकेने २०१५ साली आपल्या मुख्यालयातील सुमारे ३,५०० कर्मचाऱ्यांची पुनर्रचना नऊ-नऊ जणांच्या लहान संघांत केली. त्यासाठी कर्मचाऱ्यांना नव्या पदांसाठी नव्याने अर्ज करावे लागले, आणि निवड करताना ज्ञानाइतकेच वृत्तीलाही महत्त्व देण्यात आले. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाने प्रारंभी किमान एक आठवडा ग्राहक सेवा केंद्रात बसून ग्राहकांचे दूरध्वनी घ्यावेत, असाही तेथे दंडक होता. सर्वांना पुन्हा अर्ज करायला लावण्याचा उपाय आपल्याकडे सर्वत्र रुचेल वा शोभेल, असे नाही; त्यातून भीतीच वाढण्याचा संभव आहे. दूरध्वनीचा दंडक मात्र कोणत्याही बँकेने आजच घ्यावा असा आहे. अडलेल्या ग्राहकाचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकलेला अभियंता 'जवळजवळ पूर्ण' हे शब्द पुन्हा सहजासहजी वापरत नाही.

याखेरीज करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. बैठकीत पदाने सर्वांत मोठी असलेली व्यक्ती सर्वांत शेवटी बोलली, तर इतरांना तिच्या मताचा अंदाज घेऊन बोलावे लागत नाही. बिघाडानंतरच्या चौकशीत 'कोणी केले?' याआधी 'हे घडू कसे शकले?' हा प्रश्न यावा. वेळेपूर्वी धोका सांगणाऱ्याची नोंद त्याच्या वार्षिक अहवालात गुण म्हणून व्हावी. आणि एखाद्या कनिष्ठाच्या सांगण्यावरून मोठ्या प्रकल्पाची तारीख एकदा खरोखर पुढे ढकलली जावी. असा एक निर्णय शंभर परिपत्रकांचे काम करतो. संस्थेतील प्रत्येक जण तो पाहतो आणि लक्षात ठेवतो.

बँकेच्या ताळेबंदात भांडवल, ठेवी, कर्जे यांचे रकाने असतात. विश्वासाचा रकाना नसतो. तरीही ग्राहक आपली आयुष्यभराची कमाई ज्या भरवशावर बँकेच्या स्वाधीन करतो, तो भरवसा आता तिजोरीच्या दारापुरता उरलेला नाही. कोठल्या तरी कार्यालयात संगणकासमोर बसलेला एखादा तरुण कर्मचारी आपल्या वरिष्ठाला 'थांबा, हे अजून तयार नाही' असे म्हणू शकतो की नाही, यावरही तो अवलंबून आहे. त्या कर्मचाऱ्याचे ऐकून घेतले जाईल अशी व्यवस्था उभी करणे, हे प्रत्येक संचालक मंडळाचे आणि प्रत्येक व्यवस्थापकाचे कर्तव्य आहे. पद्धती विकत मिळते, प्रशिक्षक नेमता येतात. हे काम मात्र संस्थेला स्वतःच करावे लागते.